पाटावर उभं राहून वापरायचा ओव्हन: दारव्हा तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "बाबू, लहान्यानं पुण्याहून नवा ओव्हन धाडला. तू येऊन लावून दे फक्त. जुना काढाचा न् नवा लावाचा, अर्ध्या घंट्याचं काम हाय." त्या अर्ध्या घंट्याच्या कामाला चार दिवस लागले. ते का लागले, ते सगळं इथे लिहून ठेवतो आहे. आपल्याकडे खेड्यापाड्यांत आता पुण्या-मुंबईची पोरं आईसाठी असे ओव्हन पाठवतात, आणि बहुतेक घरी ते अर्ध्या घंट्यातच लागतात.

घर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यापासून थोडं आत, काळ्या मातीच्या पट्ट्यात. पुढे ओसरी, मधे एक मोठी खोली, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे नहाणी आणि अंगण. वर कवेलू, स्वयंपाकघरावर तेवढे टिन. वायरिंग घराएवढीच जुनी, लाकडी बॅटन पट्टीवर ठोकलेली. काकूंची नानकटाई आसपासच्या चार-पाच गावांत प्रसिद्ध आहे. लग्नसराईत रुखवतासाठी त्यांच्याकडे ऑर्डरी असतात. काकांनी नागपूरहून आणलेला लोखंडी पत्र्याचा चौकोनी ओव्हन त्यांनी तीसेक वर्षं चालवला. त्याला सुती आवरणाची दोन तारांची वायर होती, तिसरी तार नव्हतीच.

त्या ओव्हनसमोर एक पाट कायम मांडलेला असायचा. ओव्हनला हात लावायचा तो पाटावर उभं राहूनच, हे या घरात थोरल्या सुनेला पहिल्या दिवशीच सांगितलं गेलं होतं. का, तर झणझणते म्हणून. सगळ्यांना ते माहीत होतं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं होतं, जसं एखाद्या मारक्या गाईच्या मागून जायचं नाही हे घरात सगळ्यांना माहीत असतं.

मी काकूंना विचारलं, "बटन बंद असलं तरी झणझणते का?"

"हाव ना. कधी कधी तं बंद असल्यावरच जास्त."

या उत्तरावर मी नव्या ओव्हनचा खोका उघडायचं थांबवलं. बटन बंद असताना यंत्राला वीज मिळायलाच नको. तरी झटका बसतो, याचा अर्थ बटन चुकीच्या तारेवर आहे. बोर्ड उघडून पाहिला तर तसंच होतं. बटन न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर लावलेलं, आणि फेज, म्हणजे वीज आणणारी तार, थेट सॉकेटमध्ये. बटन बंद केलं की तार तापत नाही म्हणून ओव्हन बंद वाटतो, पण आतली सगळी कॉइल पूर्ण दाबावर उभी असते. चालू असताना कॉइलच्या एका टोकाला २३० व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ शून्य असतं. बंद असताना दोन्ही टोकांना २३०. म्हणून काकूंना बंद असताना जास्त झणझणायचं. तीस वर्षं त्या जे सांगत होत्या ते तंतोतंत खरं होतं, आणि ऐकणाऱ्यांनी ते म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं. ऐकणाऱ्यांत मीही होतो. ते पुढे सांगतो.

ओव्हनची वायर काढून कॉइल आणि पत्रा यांच्यामध्ये मेगर लावला, म्हणजे दोघांमधला अडथळा मोजणारं यंत्र. चांगल्या यंत्रात हा आकडा मेगओहममध्ये, म्हणजे दहा लाख ओहमच्या पटीत यायला हवा. इथे आला पन्नास हजार ओहमच्या आसपास. चिनी मातीच्या खोबणीत बसवलेल्या उघड्या कॉइलवर तीस वर्षांचं तूप, मैदा आणि काजळी बसली होती. २३० ला पन्नास हजारांनी भागा: साडेचार मिलिअँपियरहून थोडा जास्त प्रवाह. एक मिलिअँपियरच्या आसपास माणसाला मुंग्या जाणवू लागतात. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. तीसच्या पुढे प्रवाह वाहत राहिला तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. पाट नसता तर काकू साडेचारवर असत्या. कोरडा पाट पायाखालून जाणारी वाट अडवत होता, एवढंच. ओव्हनला एक हात आणि शेजारच्या लोखंडी नळाला दुसरा हात लागला असता, तर पाटाचा काही उपयोग नव्हता. वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीमधून गेली असती.

इथवरचं ऐकून कोणीही म्हणेल की झालं, जुना ओव्हन खराब होता, फेकून द्या आणि नवा लावा. घरच्यांचंही तेच म्हणणं होतं.

नवा ओव्हन २००० वॉटचा होता. २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपियर. त्याच्या वायरीला जाड पिनांचा १६ अँपियरचा प्लग होता, आणि काकूंच्या भिंतीवर ६ अँपियरचं सॉकेट. थोरल्या मुलानं त्याची सोय आधीच करून ठेवली होती. बाजारातून कन्व्हर्टर आणला होता, जाड पिना आत घेऊन बारीक पिना बाहेर देणारा. हा कन्व्हर्टर मी गावागावांत पाहतो आणि प्रत्येक वेळी जीव घाबरा होतो. प्लग जाड ठेवतात तो बारीक सॉकेटच्या वाटेला एवढा प्रवाह झेपणार नाही हे सांगण्यासाठी. कन्व्हर्टर ती सूचनाच पुसून टाकतो. ढिल्या पिनेच्या जागी नुसता एक दशांश ओहमचा अडथळा असला, तरी ८.७ अँपियरला तिथे साडेसात वॉटची उष्णता तयार होते, नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या आत, घंटाभर.

तो कन्व्हर्टर मी माझ्या पिशवीत टाकला आणि वायर कुठून येते ते पाहत मधल्या खोलीत गेलो.

कापसामागची वायर

मधली खोली कापसानं भरलेली होती. विदर्भात हे कोणाला सांगायला नको. भाव पडलेला असला की माणूस कापूस घरात भरून ठेवतो आणि वाट पाहतो. दिवाळीनंतर वेचलेला कापूस मे उजाडला तरी घरातच होता, भिंतीला लागून आढ्याच्या जवळपास. आणि स्वयंपाकघराकडे जाणारी बॅटन पट्टी नेमकी त्याच भिंतीवरून, कापसाच्या मागून जात होती.

मी म्हटलं, कापूस सरकवावा लागेल. थोरला मुलगा माझ्याच वयाचा. तो म्हणाला, "भाऊ, आठ दिवसांत गाडी येऊन रायली. तोवर ओव्हन चालू दे, मंग पाहू वायरचं." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कापूस उकरून पुन्हा भरणं म्हणजे चार माणसांचा एक दिवस, शिवाय त्या कापसाच्या कणानं सगळ्या घराला खोकला. पण त्या दिवशी मी वायरीला हात लावायला नकार दिला. कापूस हलल्याशिवाय मी नवा ओव्हन लावणार नाही, आणि जुनाही कोणाला लावू देणार नाही, असं सांगून किटकॅट, म्हणजे फ्यूजचे काढता येणारे चिनी मातीचे तुकडे, काढून काकूंच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापूस हलला. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, बरोबर गंजीच्या मध्यभागी, एक जोड सापडला. ॲल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची वायर पिळून वरून टेप गुंडाळलेला. टेप तपकिरी होऊन हात लावताच पापडासारखा मोडला. आतलं आवरण वीतभर करपलेलं. पट्टीचं लाकूड काळं पडलं होतं. आणि त्या जागी चिकटलेला कापूस पिवळा होता.

ॲल्युमिनियम आणि तांबं असे नुसते पिळले की काय होतं, ते मी नवीन पोरांना नेहमी सांगतो. ॲल्युमिनियमवर हवेनं लगेच एक पातळ थर धरतो, तो वीज नीट जाऊ देत नाही. शिवाय ॲल्युमिनियम मऊ. तापलं की फुगतं, थंड झालं की आक्रसतं, आणि दर वेळी जोड थोडा ढिला होतो. ढिला झाला की आणखी तापतो. इथली वायर ॲल्युमिनियमची, दीड चौरस मिलिमीटरची. जुन्या ओव्हनला तिनं कसंबसं पेललं. नव्या ओव्हनला मेन बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या अठरा मीटर वाटेत, जाऊन-येऊन, तिच्यात ४९ वॉटच्या आसपास उष्णता नुसती वाया गेली असती. मोकळ्या भिंतीवर ती हवेत जाते. पण कापूस म्हणजे गादी. गादीत गुंडाळलेली तार थंड होणार कशी? साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण ७० अंशांपर्यंत टिकेल असं बनवलेलं असतं. यवतमाळच्या मे महिन्यात खोलीच दुपारी चाळीसच्या पुढे असते. म्हणजे वायरीला तापायला जागा उरते ती जेमतेम तीस अंशांची.

आणि हे सगळं होत असताना फ्यूज उडाला असता का? किटकॅटमध्ये फ्यूजची तार नव्हतीच. वायरीतले तीन-चार तांब्याचे धागे पिळून बसवलेले होते. आधी वायर जळाली असती, मग कापूस. कापसाची आग लगेच दिसतही नाही. आतल्या आत धुमसत राहते आणि रात्री वर येते.

आता माझी चूक. तीन वर्षांआधी याच स्वयंपाकघरातलं सॉकेट जळालं म्हणून मला बोलावलं होतं. मी नवं सॉकेट बसवलं, पैसे घेतले, चहा घेतला आणि निघालो. सॉकेट का जळालं हे मी पाहिलं नाही. फेज कोणत्या पिनेवर आहे हेही तपासलं नाही, जुन्या तारा होत्या तशाच जोडल्या. काकू तेव्हाही म्हणाल्या होत्या की झणझणते. मी म्हणालो होतो, जुना झाला, बदलवून टाका. त्या दिवशी दहा मिनिटं जास्त दिली असती तर हा जोड तेव्हाच सापडला असता. ही गोष्ट मी काकूंना त्या सकाळी कापसाच्या गंजीपुढे सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता सांग, काय काय लागते?"

काय काय लागतं त्याची यादी केली तेव्हा आकडा साडेनऊ हजारांवर गेला. थोरला म्हणाला, "ओव्हन आठ हजाराचा न् त्याची वायर साडेनऊची?" त्यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं. खोलीतल्या कापसाची किंमत तूच कर.

माती आणि अर्थिंग

अर्थिंग होतं, म्हणजे पत्र्यावर उतरलेली वीज जमिनीत नेणारी सोय. नहाणीच्या मागे एक पाइप गाडलेला, त्यावरून लोखंडी तार भिंतीवर चढलेली. घरच्यांनी मोठ्या विश्वासानं दाखवलं. पण काळी माती उन्हाळ्यात काय करते ते शेतकऱ्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ती आक्रसते आणि फाटते. मेमध्ये तिच्या भेगांत हात जातो. पाइपाच्या भोवतीही तशीच भेग पडली होती, पाइप मातीला धड टेकलेलाच नव्हता. अर्थ टेस्टरनं मोजलं: ८५ ओहम. म्हणजे ओव्हनच्या पत्र्यावर फेज पूर्ण उतरली तरी जमिनीत जाणार २.७ अँपियर. एवढ्यानं कुठलाही फ्यूज उडत नाही, आणि पत्रा तसाच जिवंत राहतो. पावसाळ्यात हाच आकडा बरा आला असता आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो असतो. म्हणून मी आता अर्थिंग मेमध्ये मोजतो. जुलैमधल्या आकड्यावर माझा भरवसा नाही.

नहाणीचं पाणी जिथे बाराही महिने मुरतं त्या बाजूला, भिंतीपासून दीड मीटरच्या पुढे, ४० मिलिमीटर व्यासाचे अडीच मीटर लांबीचे दोन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप घातले. दोघांत तीन मीटरचं अंतर. भोवती मीठ-कोळसा न भरता बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती भरली, कारण मीठ पावसागणिक वाहून जातं आणि पाइपही खातं. दोन्ही एकत्र जोडून मोजलं तेव्हा ९ ओहम आलं.

पण ९ ओहमवरही मी समाधानी नव्हतो, आणि हे नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. २३० भागिले ९ म्हणजे साडेपंचवीस अँपियर. १६ अँपियरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका), सी प्रकारचा, झटक्यात पडायला त्याच्या पाच ते दहा पट प्रवाह लागतो, म्हणजे किमान ८०. पंचवीसवर तो तापून पडेल, पण त्याला कित्येक मिनिटं लागतील. तेवढा वेळ कोणाचा हात पत्र्यावर असला तर? म्हणून गावाकडच्या घरात एमसीबी आणि अर्थिंग एवढ्यावर भागत नाही. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी लागतोच. तो जाणारा आणि येणारा प्रवाह तोलून पाहतो. वाटेत कुठे ३० मिलिअँपियर गळले की सेकंदाच्या तीन दशांशाच्या आत वीज तोडतो. अर्थिंग ८५ ओहमचं असतं तरी त्यानं काम केलं असतं. माझ्याजवळ एकाच वस्तूचे पैसे असते, तर मी आधी तोच घेतला असता.

मेन बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन टाकली, पाइपातून, आणि कापसाची खोली टाळून ओसरीकडून बाहेरच्या भिंतीवरून. लांबी सहा मीटर वाढली. अडीचची वायरही चालली असती, पण उन्हाळा आणि टिनाखालची भिंत पाहून मी चारची घेतली. मधे एकही जोड नाही.

आरसीसीबी चढवला आणि तो लगेच पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. थोरला माझ्याकडे पाहत होता. गावात पुष्कळ आरसीसीबी इथेच हरतात. कोणीतरी म्हणतं, नवीन वस्तूच खराब आहे, आणि दोन तारा वरच्यावर जोडून तिला बाजूला काढलं जातं. मी ओव्हनचा प्लगही अजून लावला नव्हता, तरी तो पडत होता. शोधताना दुपार गेली. शेवटी नहाणीतल्या दिव्याचा न्यूट्रल सापडला. फेज स्वयंपाकघराचा, न्यूट्रल मात्र ओसरीच्या लाइनवरून उसना घेतलेला, कधीतरी कोणीतरी वायर वाचवली म्हणून. गेलेला प्रवाह भलत्याच वाटेनं परत यायचा आणि आरसीसीबीला तो गळालेला दिसायचा. न्यूट्रल जागेवर आणला. आरसीसीबीचा खटका चढला तो चढलाच.

वीजबिलावर मंजूर भार एक किलोवॉटचा होता. एकटा ओव्हनच दोनचा. म्हणून भारवाढीचा अर्ज महावितरणकडे भरून घेतला. मीटर आणि त्याच्या पलीकडचं सील हे आपलं काम नव्हे, त्याला मी हात लावत नाही.

काढणं, लावणं

जुना ओव्हन काढणं सोपं होतं, पण त्यात दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. घरात इन्व्हर्टर होता. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरच्या तारा जिवंतच राहतात, आणि जुन्या घरात कोणती तार कुणाची हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन, मग किटकॅट माझ्या खिशात. टेस्ट लॅम्प आधी चालू सॉकेटवर पेटतो का पाहिला, मग कामाच्या जागी लावला, मग परत चालू सॉकेटवर. टेस्ट लॅम्पचाच बल्ब गेलेला असेल तर तोही वीज नाही असंच सांगतो.

दुसरी गोष्ट दाराची. जुन्या ओव्हनच्या दाराला पांढरट दोरीसारखी पट्टी होती, टोकाला तंतू सुटलेले. ती ॲस्बेस्टॉसची आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून असल्यासारखंच वागायचं. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर रोग कित्येक वर्षांनी उभा राहतो. पोरांना बाहेर पाठवलं, नाकाला मास्क लावला, पट्टी पाण्यानं ओली केली, ओढली-खरवडली नाही, आणि अख्खा ओव्हन जाड पॉलिथिनमध्ये बांधला. काकूंच्या मनात तो बचतगटातल्या एका पोरीला द्यायचा होता. "तिले कामी पडन." मी पहिल्यांदाच त्यांच्याशी थोडा कडक बोललो असेन. वायर मुळापासून कापून टाकली, म्हणजे कोणाला मोह नको. भंगारवाल्यालाही दिला नाही, तो हातोड्यानंच फोडतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत अशा वस्तू नोंदणीकृत ठिकाणीच जायला हव्यात. धाकटा मुलगा सुटीत आला तेव्हा गाडीत घालून पुण्याच्या संकलन केंद्रावर देऊन आला.

नवा ओव्हन लाकडी फडताळातून काढून कडप्प्याच्या ओट्यावर ठेवला. सगळ्या बाजूंनी मोकळा, गॅसपासून दूर, पऱ्हाटीचा भारा परसात. १६ अँपियरचं सॉकेट, बटन फेजवर. पहिल्यांदा रिकामाच तापवला, खिडकी उघडी ठेवून. थोडा धूर आणि तेलाचा वास येतो, तो कारखान्यातल्या लेपाचा असतो. तारेभोवती अडकवून प्रवाह मोजायच्या क्लॅम्प मीटरवर २१४ व्होल्टला ८.१ अँपियर दिसले. अर्ध्या घंट्यानं बटन बंद करून प्लग काढला आणि पिनांना बोट लावलं. कोमट. काकूंना मी एवढंच सांगितलं की रात्री व्होल्टेज उतरलं की उष्णता त्याहून भराभर उतरते. १८० व्होल्टला हाच ओव्हन साधारण १२०० वॉटचा होतो, म्हणून रुखवताची नानकटाई दुपारी भाजा. आणि आरसीसीबीवरचं टेस्टचं बटन महिन्यातून एकदा दाबा.

ऑक्टोबरात, कापसाची सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा होऊन पहिला वेचा घरात यायला लागला तेव्हा, पुन्हा फोन आला. पावसाळाभर ओव्हन बंद होता आणि दिवाळीसाठी लावताच खटका पडला होता. कॉइलच्या नळीत भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दमट हवेतलं पाणी ओढून घेते, तसंच झालं होतं. मेगरवर दहा हजार ओहमही येत नव्हते. दोन दिवस उन्हात ठेवल्यावर आकडा एक मेगओहमच्या वर गेला. मग अगदी कमी आचेवर अर्धा घंटा चालवला, आणि खटका टिकला.

पण फोनवरचं काकूंचं बोलणं मला लिहून ठेवायचं आहे. "बाबू, थो खटका पडला. थोरला म्हणे, वरच्या वर तार जोडून देतो. मी म्हटलं, हात नोको लावू, तो काही उगाच नाही पडला. तू ये, पाहून घे. पीठ मी उद्या भिजवतो."